मायी चप्पल

काल संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या लेकीने हट्ट केला! खराखुरा हट्ट, जमिनीवर लोळण घेऊन, पाय आपटून, मजल्यावरच्या तिन्ही घरांची दारं उघडतील असा! माझ्या जावेचा चार वर्षांचा मुलगा आला होता. त्याने दारातल्या पिवळ्या चपला सहज पायात सरकवल्या आणि तो जिन्याकडे धावला. आमची ही गेले ७८ दिवस हातातलं खेळणं कुणी मागितलं की निमूट देऊन टाकायची. ती बाणासारखी त्याच्या मागे गेली, एक चप्पल त्याच्या पायातून ओढून काढली, छातीशी धरली आणि ओरडली, "मायी! मायी चप्पल!" मग फरशीवर आडवी झाली आणि पुढची पस्तीस मिनिटं रडली. जाऊ ओशाळून मुलाला समजावत होती. मी, माझा नवरा आणि सासूबाई तिच्याभोवती फरशीवर बसलो होतो, आणि आमच्या तिघांच्याही डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. सासूबाई तशाच उठल्या आणि देवापाशी साखर ठेवून आल्या.

मला हे कुणाला तरी सांगायचंच आहे! अडीच महिन्यांपूर्वी मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मूल दत्तक घेण्याबद्दल मी तीन वर्षं वाचत होते, बैठकांना जात होते, अर्ज भरत होते. पण एका चपलेवरून रडणारं मूल बघून घरात सणासारखं वाटेल, हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

आधी ते तीन वर्षांचं थोडक्यात सांगते, कारण मला भेटणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "मग तुम्ही जाऊन पसंत केलीत का?" नाही हो! पसंत-बिसंत काही नसतं. नाव नोंदवायचं ते दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे सगळे ज्याला 'कारा' म्हणतात त्याच्या, एकाच देशव्यापी यादीत. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. दोन ते चार वर्षांच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ९०च्या वर चालत नाही. मग समाजसेविका घरी येते, बोलते, स्वयंपाकघर बघते, सासू-सासऱ्यांशी बोलते, अहवाल लिहिते. आणि मग वाट. आमच्या बाबतीत तीन वर्षं आणि दोन महिने. मग एका शनिवारी दुपारी, मी धोब्याचे कपडे मोजत असताना, फोनवर संदेश आला. एक फोटो, एक बाल-अध्ययन अहवाल, एक वैद्यकीय अहवाल. आणि होकार कळवायला ४८ तास. ४८ कशाला? फोटोतल्या त्या मुलीने फ्रॉकचं एक बटण तोंडात धरलं होतं. कागद आमच्या डॉक्टरांनी वाचून होईपर्यंतच काय ती मी थांबले.

ती विदर्भातल्या एका संस्थेत होती आणि आम्ही नाशिकला. वय तीन वर्षं एक महिना. तिच्या आधीच्या आयुष्यातलं जे आम्हाला माहीत आहे ते मी इथे लिहिणार नाही. ती गोष्ट तिची आहे. मोठी झाल्यावर सांगायची की नाही, कुणाला सांगायची, ते तीच ठरवेल. एवढंच सांगते की दत्तकाच्या कायद्यात एक कलम आहे, ते वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. बाळ सोपवून देणाऱ्या आईला पुन्हा विचार करायला ६० दिवस दिले जातात. साठ दिवस! कुठल्याही मुलाच्या मागे असे साठ दिवस असू शकतात, आणि ते कुणीतरी एकटीने मोजलेले असतात. मी देवासमोर दिवा लावते तेव्हा त्या न पाहिलेल्या बाईसाठी हात जोडते. कोणत्याही बाईसाठी, जिने कुठेही ते मोजले असतील.

संस्थेने आम्हाला आधीच एक छोटा अल्बम पाठवायला सांगितला होता. आमचे फोटो, घराचं दार, आजीचा चष्मा घातलेला चेहरा, खिडकीतली तुळस. आम्ही तिथे पोचलो तेव्हा तो अल्बम तिच्या काखेत होता, कोपरे झिजलेले. तिने माझ्याकडे बघितलं, अल्बम उघडला, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फोटोतली मावशी." तिथल्या सगळ्या सांभाळणाऱ्या बायका मावशीच असतात, त्यामुळे जगातली प्रत्येक बाई मावशी आणि प्रत्येक पुरुष काका. मला ती 'फोटोतली मावशी' ऐकूनच पायातलं बळ गेल्यासारखं झालं. मी खालीच बसले.

रात्रीच्या गाडीने बडनेऱ्याहून निघालो. तिने आगगाडी पहिल्यांदा पाहिली. भुसावळ येईपर्यंत ती खिडकीला नाक लावून बसली होती, बाहेर काळोखाशिवाय काहीही नव्हतं तरी. पहाटे नाशिकरोडला उतरलो. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, औक्षण केलं. तिने ते सगळं हात जोडून, डोळे मिटून करून घेतलं. नाश्ता मांडी घालून केला, ताटलीत कण उरला नाही, ताटली स्वतः मोरीत नेऊन ठेवली. आलेगेले सगळे म्हणाले, "किती शहाणी आहे हो! काही त्रास नाही." मला अभिमान वाटला. खूप वाटला.

तिसऱ्या दिवशी समाजसेविका ताईंचा फोन आला. मी कौतुकाने सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. पण ही पाहुणी आहे अजून. पाहुणे शहाणेच असतात. ज्या दिवशी ती हट्ट करेल ना, त्या दिवशी मला फोन करा, मी पेढे घेऊन येते."

त्या वाक्यानंतर मी माझ्या घरात जे जे पाहिलं ते वेगळंच दिसायला लागलं. पहिल्या रात्री तीनला मला जाग आली होती. आम्ही तिघंही खाली गादीवर झोपलो होतो, ती मधे. मी कूस बदलली तर अंधारात दोन उघडे डोळे. ती जागी होती. किती वेळ, कोण जाणे. रडत नव्हती, हाक मारत नव्हती, आढ्याकडे बघत सरळ पडून होती. मला तेव्हा वाटलं, किती शांत मूल. ताईंनी मला सांगितलं की जिथे एका खोलीत वीस बाळं आणि रात्रीला एक-दोन मावश्या असतात, तिथे रात्री रडून फार काही होत नाही, हे बाळांना लवकर कळतं. मावश्यांचा दोष नाही त्यात, त्यांना हात दोनच. बाळ रडणं सोडून देतं. हे ऐकल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

मग आम्ही दिवा चालू ठेवून झोपायला लागलो, कारण तिथे ट्यूबलाइट चालू असायची. आमच्या खोलीतली शांतताही तिला सोसत नव्हती. तिला आयुष्यभर वीस जणांच्या श्वासांची सवय! नवरा घोरतो, त्याचा मला बारा वर्षं राग होता. तर त्या घोरण्यानेच ती झोपते! आता तो कुशीवर वळून गप्प झाला की ती हाताने चाचपते.

आणि स्वयंपाकघर! अरे, मला कसं सुचलं नव्हतं हे? तिने आयुष्यभर पोळी खाल्ली होती, पण पोळी होताना कधी पाहिली नव्हती! संस्थेत जेवण ताटात येतं, शिजतं ते वेगळ्या खोलीत, आणि मुलांना तिथे जाऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे. चौथ्या दिवशी मी तिला ओट्याशेजारी उंच स्टुलावर बसवलं. कणकेचा गोळा दिसला. लाटणं दिसलं. मी पोळी तव्यावरून आचेवर टाकली आणि ती फुगली, टम्म! तिने श्वास रोखला, मग टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "पोयी! पोयीचा फुगा!" त्या दिवशी मी एकवीस पोळ्या केल्या. खाणारे चौघं. प्रत्येक पोळी तिला नवी होती. आणि मी, इतकी वर्षं रोज पोळ्या लाटणारी, मलाही पहिल्यांदाच दिसलं की ती खरंच फुग्यासारखी फुगते, तिच्या आत वाफ कोंडते, ती क्षणभर दिव्यासारखी उजळते! कुकरच्या शिट्टीला मात्र ती पहिले आठ दिवस माझ्या पदरात तोंड खुपसायची. आता ती शिट्ट्या मोजते. तीन झाल्या की सगळ्या घराला ओरडून सांगते.

तुम्ही ते 'पोयी' ऐकलंत ना? आमची लेक वऱ्हाडी बोलते! 'मले पायजे.' 'काऊन?' केळं म्हणजे केयं, डोळा म्हणजे डोया. पहिल्या आठवड्यात आमच्या एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, आता शुद्ध शिकवा हो. शुद्ध? तिच्याबरोबर त्या गावाहून एक पिशवी, दोन फ्रॉक, एक कापडी ससा आणि ही भाषा, एवढंच आलंय. ती मी काढून घेऊ? नाव आम्ही बदललं नाही, तिथे मिळालेलंच ठेवलं. तीन वर्षं त्याच नावाला ती 'ओ' देते आहे. तसंच हेही. उलट आता सासूबाई तिला "तुले भूक लागली का?" विचारतात आणि माझा नवरा परवा ऑफिसातून फोनवर मला म्हणाला, "मले उशीर होईल." केवढा गोड वाटला तो!

सासूबाईंचं काय सांगू. दोन महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं, पडली तर उचलणं, सगळं फक्त आईवडिलांनी करायचं, असं आम्हाला सांगितलं होतं. कारण ती कुठल्याही बाईच्या कडेवर जायची. भाजीवालीच्या, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईच्या गळ्यात हात टाकायची. लोक म्हणायचे, किती माणसाळलेली. मी वाचत गेले तेव्हा कळलं की ही संस्थेत वाढलेल्या मुलांची जगभर ओळखीची खूण आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली १३६ मुलांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. संस्थेतून कुटुंबात गेलेल्या मुलांची माणसाशी गाठ जास्त घट्ट बांधली जाते, हे त्यात दिसलं. पण आधी कुणाशी तरी एकाशी, दोघांशी बांधली जायला हवी ना! म्हणून आजीने लांब राहायचं. बारा वर्षं नातवंडाची वाट बघितलेल्या आजीने, समोर खेळणारं बाळ, उचलायचं नाही. त्यांनी पाळलं. हात मोकळे राहिले की ते तिच्याकडे जातात म्हणून त्यांनी गोधडी शिवायला घेतली, स्वतःच्या नऊ जुन्या साड्यांची. साठाव्या दिवशी ती गोधडी पूर्ण झाली आणि त्याच संध्याकाळी आमची लेक आपणहून त्यांच्या मांडीत जाऊन बसली. मी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. आत गेले नाही.

त्यांच्या एका आत्तेबहिणीने फोनवर विचारलं होतं, "पण रक्त कुणाचं, माहीत आहे का?" सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होत्या. दर ३ जानेवारीला त्यांनी मुलांना सावित्रीबाईंची गोष्ट सांगितलेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते आपण नुसतं भाषणात म्हणायचं का? तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा त्यांनी घरात घेतला, यशवंत. डॉक्टर केला त्याला. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई आजाऱ्यांना त्याच्याच दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच गेल्या. रक्ताचं काय विचारतेस?" पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. लोक मला देवकी-यशोदेचा दाखला देतात, प्रेमाने देतात, पण मला यशवंतचा जास्त आवडतो. देवाची गोष्ट नाही ती, पुण्यात घडलेली आहे.

तिला पुरुषांची भीती होती, किंवा भीतीपेक्षा अनोळख. संस्थेत जाड आवाज नसायचाच कधी. म्हणून माझा नवरा अकरा दिवस जमिनीवर बसून राहिला. खुर्चीवर नाही, तिच्या उंचीला. ऑफिसातून आला की भिंतीला टेकून बसायचा आणि तिच्याकडे न बघता हळू आवाजात पेपर वाचायचा, बाजारभाव, हवामान, जे असेल ते. ती रोज एक फरशी पुढे सरकायची. मी फरश्या मोजायचे. बाराव्या दिवशी ती फणी घेऊन आली आणि त्याचे केस विंचरायला लागली. त्याच्या डोक्यावर केस थोडेच आहेत, तिने तासभर विंचरले. तो हलला नाही.

आणि डबा! हे तर सांगायलाच हवं. दुसऱ्या आठवड्यात उशीखाली मला वाळलेली अर्धी पोळी सापडली. मग फ्रॉकच्या खिशात बिस्किट. मग सोफ्याच्या फटीत केळ्याचं साल आणि त्यात जपलेला तुकडा. मी रागावले नाही, पण काय करावं ते कळेना. ताई म्हणाल्या, काढून घेऊ नका, उलट द्या. तिच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर एक डबा ठेवा, तो कधीही रिकामा होऊ देऊ नका, आणि कधीही उघडायची तिला मुभा द्या. स्टीलचा छोटा डबा, त्यात मुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, खारीक. पहिले काही दिवस ती तो दिवसातून चाळीस वेळा उघडायची. खायची नाही, बघायची. आहे? आहे. झाकण लावायची. मला रात्री झोपेतही तो झाकणाचा आवाज ऐकू यायचा. मग तीस वेळा. मग दहा. परवा रात्री ओटा पुसताना माझ्या लक्षात आलं की दिवसभरात तो आवाज एकदाही आला नाही. मी डबा उघडून बघितला, लाडू दोन दिवसांचे होते. ती विसरली होती! मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवला.

मधल्या काळात कागदही पुढे सरकले. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय द्यायचं. सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. आता दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, समाजसेविका घरी येऊन पाहून जाईल. आदेश आला त्या दिवशी आम्ही शिरा केला. पण खरं सांगते, त्या शिक्क्याच्या कागदाने मला जेवढं काही झालं नाही, तेवढं 'आई-मावशी'ने झालं. होय, मधे तीन आठवडे मी 'आई-मावशी' होते. दोन्ही शब्द एकत्र, एका दमात. मग एके दिवशी, मी जिना चढत असताना, वरून नुसतं "आई" आलं. मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाची तरी असेल म्हणून.

रात्री तिला रोज एकच गोष्ट हवी असते, आगगाडीची. एक मुलगी होती, तिच्याकडे एक अल्बम होता. दोन माणसं गाडीत बसून आली. कुठून आली? नाशिकहून. काऊन आली? तुला न्यायला. तिला पहिल्यापासून सगळं माहीत असावं, म्हणून हीच गोष्ट. आधी ती ऐकायची फक्त. आता मधेच थांबवते, "भुसावय राह्यलं!" म्हणते. खरंच राहिलेलं असतं.

तर काल. त्या पिवळ्या चपला आम्ही तिला पहिल्या आठवड्यात घेतल्या होत्या, मेनरोडवरच्या एका छोट्या दुकानातून. तिला तेव्हा कळलंच नाही की त्या तिच्या आहेत. संस्थेत चपला रांगेत असतात, ज्याला ज्या होतील त्या त्याने घालायच्या, कपड्यांचंही तसंच. इतके दिवस ती कुणाच्याही चपलेत पाय घालायची, माझ्या, आजीच्या, शेजारच्या काकूंच्या, आणि आपल्या पिवळ्या कुणी घातल्या तरी बघत नसे. 'माझं' हा शब्दच तिच्याकडे नव्हता. ७८ दिवस मी तो शब्द ऐकला नव्हता आणि ऐकला नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं! काल तो आला, आणि ओरडत आला.

पस्तीस मिनिटांनी ती थकली. मी उचललं तेव्हा अंग तापलेलं, केस घामाने चिकटलेले, हुंदके अजून चालू, आणि चप्पल मुठीत. दुसरी चप्पल पुतण्याने आपणहून आणून तिच्या शेजारी ठेवली. शहाणं पोर ते. जेवताना दोन्ही मांडीवर होत्या. झोपतानाही. सासूबाईंनी तेवढ्या ओल्या फडक्याने पुसून दिल्या.

ती झोपल्यावर मी गॅलरीत जाऊन ताईंना फोन लावला. रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी म्हटलं, "ताई, पेढे आणा." त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग हळूच विचारलं, "कशावरून?"

"चपलेवरून."

"कुठली चप्पल? कसली?"

"पिवयी," मी म्हणाले.